गुंगी भुलीची नसते तेव्हा

ऑपरेशन झालेल्या माणसाबद्दल आपल्याकडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: भूल उतरली का? मुंबईच्या इस्पितळातून राजापूर तालुक्यातल्या नाटे गावात फोन जातो, तोही याच उत्तराचा. 'उतरली, बोलतायत आता' एवढं कळलं की घरात हायसं वाटतं. पुढे माणूस घरी येतो. आठव्या दिवशी तो मलूल दिसला, दिवसा पेंगू लागला, विचारलेल्याचं उत्तर उशिरा देऊ लागला, तर त्याचंही कारण तयार असतं: भूल अजून पुरती उतरलेली नाही, अंगात आहे थोडी. हर्नियाच्या ऑपरेशननंतर हा समज फारसं नुकसान करत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीची गाठ काढल्यावर मात्र तो जिवावर बेतू शकतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. या ऑपरेशनात गुंगीचं औषध कोणतं दिलं, किती दिलं आणि कधी थांबवलं याला फार महत्त्व आहे. पण ते महत्त्व पहिल्या दिवसाचं आहे. एकदा स्वच्छ जागा झालेला माणूस पाचव्या-सातव्या दिवशी पुन्हा गुंगू लागला, तर भूल परत आलेली नसते. तेव्हा संशय घ्यायचा तो हार्मोनचा आणि रक्तातल्या सोडियमचा. हा फरक रुग्णाला घरी पाठवताना मराठीत लिहून देणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो मागून घेणं हा आपला हक्क आहे.

आधी ग्रंथीबद्दल. पिट्यूटरी, म्हणजे पाठ्यपुस्तकातली पियूषिका, वाटाण्याएवढी असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. नाकाच्या पोकळीमागे, कवटीच्या तळाच्या हाडातल्या खोबणीत ती बसलेली असते आणि तिच्या बरोबर वरून डोळ्यांच्या नसा जातात. थायरॉइड, मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी, जननग्रंथी, शरीराची वाढ, लघवीवाटे किती पाणी सोडायचं, या सगळ्यांची सूत्रं तिच्याकडे असतात. तिथल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. प्रोलॅक्टिन वाढवणाऱ्या गाठी तर बहुधा कॅबरगोलीनच्या गोळ्यांनीच आटोक्यात येतात. बाकीच्या अनेकांना ऑपरेशन लागतं, आणि ते बहुतेक वेळा नाकावाटे होतं. ऑस्ट्रियातल्या हर्मान श्लोफर यांनी 1907 साली या वाटेने पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. 1960 च्या दशकात माँट्रियलच्या ज्यूल हार्डी यांनी त्यात सूक्ष्मदर्शक आणला आणि 1990 च्या दशकापासून दुर्बीण रुळली. कवटी न उघडता मेंदूच्या तळापर्यंत जाता येतं, म्हणून रुग्ण काही दिवसांतच घरी जाऊ शकतो. ही मोठीच सोय आहे, पण लवकर घरी जाण्यातच पुढचा धोका दडलेला आहे.

महाराष्ट्रात या आजाराचं मोठं काम परळच्या केईएम रुग्णालयात झालं आहे. 1926 साली सुरू झालेल्या या इस्पितळाला गिरण्यांत कामाला गेलेल्या कोकणी माणसांच्या पिढ्यांनी आपलं मानलं. तिथले तेव्हाचे न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल आणि सहकाऱ्यांनी 2004 साली पिट्यूटरीच्या 118 प्रचंड गाठींच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रचंड म्हणजे 4 सेंटिमीटरहून मोठ्या. एवढ्याशा ग्रंथीत एवढी गाठ होते, कारण ती वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. नजर बाजूबाजूने कमी होते आणि माणूस चष्मा बदलत राहतो. पाळी थांबते आणि ते वयावर जातं. चपलेचा नंबर वाढतो, अंगठी बोटात शिरत नाही आणि ते अंग सुटल्याचं लक्षण ठरतं. गाठ जितकी मोठी तितकं ऑपरेशन लांबतं, भूल लांबते, आणि नंतर उरलेल्या भागात रक्तस्राव होऊन डोळ्यांच्या नसा दाबल्या जाण्याची भीतीही वाढते.

म्हणून या ऑपरेशनात जागं होण्याला असाधारण महत्त्व आहे. शल्यचिकित्सकाचं काम संपतं तिथे भूलतज्ज्ञाचं सर्वांत अवघड काम सुरू होतं. रुग्णाने शांतपणे जागं व्हायला हवं. तो जोरात खोकला, श्वासनळीतली नळी काढताना झगडला, त्याला उलट्या झाल्या, तर डोक्यातला दाब वाढतो आणि गाठ काढलेल्या जागी लावलेलं ठिगळ सुटून मेंदूभोवतीचं पाणी नाकावाटे गळू शकतं. त्याच वेळी त्याने चटकन आणि स्वच्छ जागंही व्हायला हवं, कारण पहिल्या काही तासांत डॉक्टर त्याच्या डोळ्यांसमोर बोटं धरून 'किती दिसतात?' असं विचारतात. उत्तर चुकलं तर आत रक्त साचत असण्याची शक्यता असते आणि रुग्णाला पुन्हा ऑपरेशनला न्यावं लागू शकतं. जो गाढ गुंगीत आहे त्याची नजर गेली हे कोणालाच कळत नाही. शांत जागा होणारा आणि स्वच्छ जागा होणारा, दोन्ही एकच माणूस हवा. गुंगीच्या औषधाची निवड इथे कसाला लागते.

वाढीच्या हार्मोनची गाठ असेल तर पेच आणखी वाढतो. अशा रुग्णाचे हातपाय आणि जबडा वाढलेले दिसतात. जीभ आणि घशाचा आतला भागही वाढलेला असतो, तो दिसत नाही. यांतले निम्म्याहून अधिक लोक झोपेत घोरतात आणि मधूनच त्यांचा श्वास अडतो. ऑपरेशननंतर नाकात बहुधा पॅकिंग असतं, म्हणजे श्वास फक्त तोंडाने. झोपेत श्वास अडणाऱ्यांना एरवी जे दाबाने हवा देणारं यंत्र लावतात, ते इथे सुरुवातीला टाळतात, कारण ती हवा कवटीत शिरू शकते. अशा माणसाला आदल्या रात्री किंवा टेबलावर घेण्यापूर्वी 'घाबरू नये' म्हणून मिडॅझोलामसारखं औषध सढळ हाताने देणं धोक्याचं आहे. आणि तो घोरतो हे सर्वांत चांगलं कोणाला ठाऊक असतं? घरच्यांना. ते आपणहून सांगत नाहीत, कारण ही सांगण्याजोगी गोष्ट आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

गेल्या काही वर्षांत या ऑपरेशनात डेक्समेडिटोमिडीन या औषधाचा बोलबाला आहे. अमेरिकेत त्याला 1999 साली अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना शांत ठेवण्यासाठी मान्यता मिळाली, तीही 24 तासांपुरती. मेंदूच्या खोडात लोकस सेरुलियस नावाचं एक छोटं केंद्र आहे. आपल्याला जागं आणि सावध ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. हे औषध त्या केंद्राचा जोर कमी करतं. त्यामुळे येणारी गुंगी नैसर्गिक झोपेच्या जवळची असते: हाक मारली की माणूस डोळे उघडतो, सांगितलेलं ऐकतो आणि पुन्हा झोपतो. श्वासावर त्याचा परिणाम इतर औषधांच्या मानाने कमी. वेदनाशामक म्हणूनही ते थोडं काम करतं, त्यामुळे फेंटानिलसारखी अफूवर्गी औषधं कमी लागतात.

नाकावाटे होणाऱ्या ऑपरेशनात याचा आणखी एक उपयोग आहे. नाकातला रक्तस्राव आवरण्यासाठी अॅड्रिनलीनमध्ये भिजवलेल्या पट्ट्या ठेवतात. ते औषध रक्तात गेलं की रक्तदाब एकदम चढतो. रक्तदाब चढला की रक्त वाहतं, दुर्बिणीची काच लाल होते आणि सर्जनला समोरचं दिसत नाही. डोळ्यांच्या नसा आणि मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या जिथे मिलिमीटरच्या अंतरावर आहेत, तिथे न दिसण्याची किंमत फार मोठी आहे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेतल्या भूलतज्ज्ञांनी 2015 साली याच ऑपरेशनातला आपला अभ्यास प्रसिद्ध केला. डेक्समेडिटोमिडीन सोबत दिल्यावर नाडी-रक्तदाब अधिक स्थिर राहिले आणि इतर भुलीची औषधं कमी लागली, असं त्यांना आढळलं. म्हणजे औषधाला गुण आहे, हे निर्विवाद.

पण गुण मान्य करताना त्याची मर्यादाही सांगायला हवी. या विषयावरचे अनेक अभ्यास छोट्या संख्येवरचे आहेत आणि ते मुख्यतः टेबलावरचे तास व जागं होतानाचे तास मोजतात. सहा महिन्यांनी रुग्णाची नजर, ताकद, कामावर परतणं यांत त्या औषधाने मोठा फरक पडतो, हे त्यांतून सिद्ध होत नाही. बीजिंगमधल्या डॉक्टरांनी 2016 साली 'लॅन्सेट'मध्ये 65 वर्षांवरच्या 700 रुग्णांचा अभ्यास छापला. ऑपरेशननंतर अतिदक्षता विभागात या औषधाची अगदी कमी मात्रा दिली, तर बरळणं-भ्रमिष्टपणा 23 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आला. म्हाताऱ्या माणसांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण ते पिट्यूटरीचे रुग्ण नव्हते, आणि एकांवरचा निष्कर्ष दुसऱ्यांना लावताना सावध राहायला हवं.

शिवाय या औषधाला स्वतःची किंमत आहेच. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. फार उतरला तर आधीच दबलेल्या डोळ्यांच्या नसांना रक्त कमी पडतं. काही रुग्णांत त्याने लघवी खूप वाढल्याचंही नोंदलं गेलं आहे. ही नोंद पिट्यूटरीच्या रुग्णासाठी विशेष महत्त्वाची आहे, कारण ऑपरेशननंतर पाणी राखणारं व्हॅसोप्रेसिन हार्मोन कमी पडलं तरी असंच होतं: तासातासाला भरभरून पाण्यासारखी लघवी आणि न भागणारी तहान. एक औषधाचा परिणाम, दुसरी ग्रंथीची इजा. दिसायला सारखे, उपाय वेगळे. आणि गुंगीतल्या माणसाला तहान सांगता येत नाही. अशा वेळी उपयोगी पडतो तो नर्सने भरलेला पाणी-लघवीचा तक्ता आणि भूलतज्ज्ञाने लिहिलेली औषधाची वेळ.

गुंगीचं औषध आणि हार्मोन यांचं नातं किती जीवघेणं ठरू शकतं, याचा धडा वैद्यकाने एकदा फार महागात घेतला आहे. एटोमिडेट हे भुलीचं औषध हृदयाला सौम्य म्हणून नावाजलेलं. अतिदक्षता विभागांत ते दिवसच्या दिवस चालू ठेवलं जाऊ लागलं. 1983 साली ग्लासगोच्या लेडिंगहॅम आणि वॉट या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'ला एक पत्र लिहिलं: व्हेंटिलेटरवरच्या जखमी रुग्णांत ज्यांना एटोमिडेट दिलं त्यांच्यातला मृत्यूदर इतर औषधांनी शांत ठेवलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त. पुढच्या वर्षी कारण उलगडलं. हे औषध अॅड्रिनल ग्रंथींतली कॉर्टिसॉल तयार करणारी प्रक्रियाच रोखतं. मोठ्या आघातात कॉर्टिसॉल नसेल तर शरीराला टिकाव धरता येत नाही. रुग्ण शांत दिसत होते आणि आतून खचत होते. पिट्यूटरीच्या रुग्णाला कॉर्टिसॉलचा हुकूम देणारी ग्रंथीच जखमी असते. त्याच्या बाबतीत 'शांत झोपलाय' या शब्दांवर समाधान मानण्याची सोय नाही.

आता घरी आल्यानंतरचं. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध थांबवल्यावर माणूस बहुधा काही मिनिटांत डोळे उघडतो. डेक्समेडिटोमिडीन साधारण दर दोन तासांनी रक्तात निम्मं होत जातं. मिडॅझोलाम थोडं जास्त रेंगाळतं, वयस्कांत आणखी. तरी आठवडाभर अंगात टिकणारं यांतलं कोणी नाही. ऑपरेशननंतर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसांत मात्र दुसरीच गोष्ट घडू शकते. दुखावलेल्या ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन गरज नसताना सुटत राहतं, शरीर पाणी धरून ठेवतं आणि रक्तातलं सोडियम उतरतं. 135 ते 145 हे नेहमीचं प्रमाण. ते 125 च्या खाली गेलं की डोकं दुखतं, मळमळतं, माणूस पेंगतो, असंबद्ध बोलतो, आणि पुढे आकडी येऊ शकते. या ऑपरेशननंतर रुग्णाला पुन्हा दाखल करावं लागण्याच्या प्रमुख कारणांपैकी हे एक आहे. दुसरी शक्यता कॉर्टिसॉल कमी पडण्याची: ते भरून काढणारी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी चुकली, उलटीत गेली किंवा तापात वाढवली नाही, तरीही अशीच ग्लानी येते, आणि सोबत रक्तदाब कोसळतो.

आपली शुश्रूषा नेमकी इथे आड येते. कोकणात आजाऱ्याला सांभाळायचं म्हणजे पातळ पाजायचं. सकाळी पेज, दुपारी शहाळं, संध्याकाळी कोकमचं सरबत, मध्येमध्ये पाणी. तो नको म्हणतो तरी 'घे, ताकद येईल' असा आग्रह. सोडियम उतरत असलेल्या माणसाला हे जास्तीचं पाणी आणखी खाली ढकलतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं, हे आपल्याला ठाऊक नसतं. उलट, ज्याला व्हॅसोप्रेसिन कमी पडतंय त्याचं पाणी रोखलं तर त्याचं सोडियम चढतं आणि तेही घातक. म्हणून घरगुती नियम एकच असावा: तहानेएवढं प्यावं, आग्रहाने पाजू नये, मनाने रोखूही नये, आणि डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर ते काटेकोर पाळावं.

नाटे गाव जैतापूरच्या खाडीच्या तोंडाशी, यशवंतगडाच्या पायथ्याशी आहे. तिथून ग्रामीण रुग्णालय राजापूरला, जिल्हा रुग्णालय रत्नागिरीला, आणि ज्यांनी ऑपरेशन केलं ते डॉक्टर मुंबईत, रात्रभराच्या प्रवासावर. परळमध्ये राहणारा रुग्ण पेंगू लागला तर तासाभरात तपासला जाईल. नाटे गावातला रुग्ण 'भूल आहे, उतरेल' म्हणून दोन दिवस पडून राहिला, तर ते दोन दिवसच निर्णायक ठरतात. अंतर आपण एका रात्रीत कमी करू शकत नाही. चुकीच्या समजुतीमुळे वाया जाणारा वेळ मात्र वाचवू शकतो, आणि त्याला एक कागद पुरेसा आहे.

भुलीच्या नोंदीच्या कागदाचा इतिहासही या ग्रंथीशीच जोडलेला आहे. पिट्यूटरीच्या एका आजाराला ज्यांचं नाव आहे ते अमेरिकी न्यूरोसर्जन हार्वे कुशिंग विद्यार्थीदशेत असताना त्यांनी ईथर दिलेला एक रुग्ण दगावला. त्या धक्क्यानंतर कुशिंग आणि त्यांचे सहाध्यायी अर्नेस्ट कॉडमन यांनी बॉस्टनमध्ये 1895 च्या सुमारास भूल देताना रुग्णाची नाडी आणि श्वास कागदावर नोंदवायला सुरुवात केली. 1901 साली कुशिंग इटलीतल्या पाव्हिया इथून रिव्हा-रोची यांचा रक्तदाबाचा पट्टा पाहून आले आणि रक्तदाबाची नोंदही सुरू झाली. आज जगभर भूलतज्ज्ञ जो तक्ता भरतात त्याचं मूळ इथे आहे. हा तक्ता आपल्याकडेही भरला जातो. पण तो इस्पितळाच्या फायलीत राहतो. पाचव्या दिवशी राजापूरच्या डॉक्टरांसमोर रुग्ण येतो, तेव्हा त्यांच्या हाती बहुधा डिस्चार्ज कार्ड असतं: ऑपरेशनचं नाव, टाके, गोळ्या, पुढची तारीख. कोणती भूल, कोणतं स्टेरॉइड, निघताना सोडियम किती, हे त्यावर असेलच असं नाही.

यावर काही आक्षेप मी ऐकले आहेत. एक, गावच्या माणसाला एवढं सांगून घाबरवायचं कशाला? पण भीती अज्ञानात जास्त असते. 'या दिवसांत पेंग आली तर रक्त तपासा' हे वाक्य घाबरवत नाही, काय करायचं ते सांगतं. दोन, सरकारी इस्पितळांत भूलतज्ज्ञांना श्वास घ्यायला वेळ नाही. हे खरं आहे, आणि म्हणूनच सूचना छापलेली हवी, प्रत्येकाला नव्याने समजावण्यावर अवलंबून नको. तीन, वयस्कांत भुलीनंतर काही दिवस गोंधळलेपण राहतं, वेदनाशामक गोळ्यांनीही झापड येते; मग प्रत्येक पेंगणाऱ्याची धावपळ करायची का? करायची. कारण सोडियमची तपासणी साधी आहे, आणि ती बरोबर निघाली तर निदान निश्चिंतपणे वाट पाहता येते. आधी तपासणी, मग वाट पाहणं. हा क्रम उलटा होता कामा नये.

म्हणून भारी गुंगीचं औषध आलं की रुग्ण लवकर बरा होतो, या सरसकट विधानाला माझा विरोध आहे. चांगलं औषध चांगलं जागं करतं. बरं करण्याचं काम पुढच्या पंधरवड्यात होतं, आणि ते सोडियमची ठरलेल्या दिवशीची तपासणी, हायड्रोकॉर्टिसोनच्या वेळेवरच्या गोळ्या आणि सावध घर यांवर अवलंबून असतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मोठ्या ऑपरेशनांचा खर्च निघू शकतो. ऑपरेशनापर्यंत गरिबाला पोचवणारी व्यवस्था आपण उभी केली असेल, तर त्यानंतरच्या दहा दिवसांत त्याला एकटं सोडणं हा आपल्याच खर्चाचा अपमान आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी हे ऑपरेशन ठरलं आहे त्यांना माझं सांगणं आहे. भूलतज्ज्ञांना भेटल्याशिवाय टेबलावर जाऊ नका. घोरणं, झोपेत श्वास अडणं, दारू, तंबाखू, चालू गोळ्या हे सगळं त्यांना सांगा. निघताना भुलीच्या नोंदीची प्रत मागा आणि डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्या: शेवटचं सोडियम किती, पुढचं कोणत्या दिवशी तपासायचं, आणि कॉर्टिसॉलची गोळी ताप-उलटीत कशी वाढवायची. रक्त जवळ कुठे तपासलं जातं ते गावी परतण्याआधी विचारून ठेवा. पहिल्या पंधरा दिवसांत माणूस पेंगू लागला, बरळू लागला, उलट्या करू लागला, दिसेनासं झालं म्हणाला किंवा नाकातून पाणी गळू लागलं, तर वाट पाहू नका. 108 ला फोन करा, जवळच्या डॉक्टरांकडे जा आणि पहिलंच वाक्य हे बोला: 'यांचं पिट्यूटरीचं ऑपरेशन झालंय, सोडियम आणि कॉर्टिसॉल बघा.'